माझ्याकडे तीन जोड्या होत्या, तरी पोकरमध्ये अर्धाच डाव कसा?

अर्धा_कटिंग

मंडळी, एक भांडण सोडवून द्या.

गोकुळाष्टमीच्या रात्री आमच्याकडे पत्ते असतात. आजोबांच्या वेळेपासून तीन पत्ती, तीही चिंचोक्यांवर. पैसे लावायचे नाहीत हा आजीचा दंडक. आजी गेली, दंडक आहे. ज्याच्याकडे सगळ्यात कमी चिंचोके उरतील त्याने दुसऱ्या दिवशीची काल्याची भांडी घासायची, एवढाच काय तो जुगार. यंदा मेहुणे ह्यूस्टनहून सुट्टीवर आलेत. ते म्हणाले, तीन पत्ती काय खेळता, पोकर शिकवतो. जावईबापूंना नाही कोण म्हणणार?

प्रत्येकाला दोन पानं, मध्ये पाच उघडी पानं. वाटायची पाळी माझी होती, म्हणून बटणाच्या (वाटणाऱ्याची खूण) जागी ठेवलेली सुपारी माझ्यापुढे. माझ्या हातात दोन चौक्या. खाली पडलं ते असं: बदाम राजा, किलवर राजा, इस्पिक नव्वी, चौकट नव्वी, बदाम एक्का. शेवटी उरलो मी आणि आत्या. आत्याने दाखवलं काय, तर एक राणी आणि एक तिर्री! म्हणजे काहीच नाही. माझ्याकडे राजांची जोडी, नव्व्यांची जोडी, चौक्यांची जोडी. मी ढीग ओढायला हात पुढे केला तर मेहुणे म्हणतात, थांब, निम्मं-निम्मं. ४७ चिंचोके होते. २३ मला, २३ आत्याला, आणि उरलेला एक मी चिडून खिडकीबाहेर टाकला.

मेहुणे आत्याची मर्जी सांभाळतायत, की खरंच असा नियम आहे?

रस्सा_वाढा

तीन जोड्या म्हणजे चपलांचं दुकान. पोकर नव्हे.

गवती_चहा

मेहुणे बरोबर आहेत. बारा वर्षं ऑस्टिनमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी आमच्या घरी हा खेळ होतो आणि नवीन आलेला प्रत्येक भारतीय माणूस पहिल्या महिन्यात 'तीन जोड्या' म्हणतोच. मीही म्हटलं होतं.

पोकरमध्ये हात पाच पानांचा. सात पानं दिसत असली तरी मोजायची पाचच, सातांतून निवडलेली सगळ्यात भारी पाच. तुमची पाच कोणती? राजा, राजा, नव्वी, नव्वी आणि पाचवं पान हवं. चौकी घ्याल की एक्का? एक्काच. मग चौक्या गेल्या. आत्याचीही तीच पाच: दोन राजे, दोन नव्व्या, एक्का. तिची राणीसुद्धा बाद. दोघांचा हात म्हणजे टेबलावरचीच पाच पानं, म्हणून समसमान.

सहावं आणि सातवं पान बरोबरी फोडायलाही वापरत नाहीत. रंगही नाही. बऱ्याच घरांत इस्पिक सगळ्यात मोठा, मग बदाम असं धरतात, तसं इथे नाही. चारी रंग सारखे.

याच्या उलटही होतं. समजा खाली राजा, नव्वी, सत्ती, चौकी, दुर्री आहे, तुमच्याकडे राजा-राणी आणि आत्यांकडे राजा-गुलाम. दोघांची राजांची जोडी. पण तुमची पाच राजा-राजा-राणी-नव्वी-सत्ती, त्यांची राजा-राजा-गुलाम-नव्वी-सत्ती. राणीने जिंकलात. या बाजूच्या पानाला किकर म्हणतात. सुरुवातीला माणूस जास्तीत जास्त हरतो ते किकरमध्येच, कारण एक्का दिसला की त्याच्यासोबत पंजी आहे की राजा हे कुणी बघतच नाही.

अर्धा_कटिंग

अरेच्चा. म्हणजे एक्का पडला नसता तर मी जिंकलो असतो?

गवती_चहा

नाही! तुमच्या चौकीपेक्षा तिची राणी मोठी. राजा-राजा-नव्वी-नव्वी-राणी. एक्का पडला म्हणून तुमचा अर्धा तरी वाचला. आत्यांना सांगू नका.

पेणकर

वाचतोय. पण मला एक कळत नाही, मेंढीकोट, पाच-तीन-दोन, बदाम सात, इतके छान खेळ असताना हे दुसऱ्याच्या पानांवर डोळा ठेवणारं कशाला? आणि तीन पत्तीत काय कमी आहे?

गवती_चहा

पेणकरकाका, कमी काही नाही, पण तीन पत्तीत बघायला काही नसतं हो. सगळ्यांचीच पानं झाकलेली, त्यामुळे समोरच्याच्या चेहऱ्याखेरीज वाचायला काही नाही. इथे पाच पानं सगळ्यांना दिसतात आणि तीही एकदम नाही, थांबत थांबत. प्रत्येक थांब्याला लोक पैसे (तुमचे चिंचोके) लावतात किंवा लावत नाहीत, त्यावरून अंदाज बांधायचा.

तीन पत्तीवाल्यांसाठी पहिल्यापासून सांगते. टेक्सास होल्डेम, कारण पोकर म्हटलं की आता लोक हेच खेळतात.

आधी शब्दांचा घोळ. तीन पत्तीत 'ब्लाइंड' म्हणजे पानं न बघता चाल. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पानं वाटायच्या आधीच सक्तीने मांडायची रक्कम, आणि ती दोघांनीच मांडायची: सुपारीच्या डावीकडचा पहिला छोटा ब्लाइंड, दुसरा मोठा, सहसा दुप्पट. १ आणि २ म्हणा. तीन पत्तीसारखा सगळ्यांनी बूट (सुरुवातीची ठरलेली रक्कम) टाकायचा नाही. पानं सगळे बघतात, न बघता खेळण्याची काही सवलत नाही. दर डावाला सुपारी एक घर डावीकडे सरकते, म्हणजे ब्लाइंड सगळ्यांच्या वाट्याला येतात.

दोन-दोन पानं वाटली की मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडच्याने सुरुवात करायची. त्याला तीन वाटा: पानं टाकणे (फोल्ड, म्हणजे आपलं पॅक), तेवढेच भरणे (कॉल), किंवा वाढवणे (रेझ). सगळ्यांचे सारखे भरून झाले की वरचं एक पान बाजूला जाळायचं आणि तीन पानं उघडायची, तो फ्लॉप. पुन्हा बोली, पण आता सुपारीच्या डावीकडच्या पहिल्या उरलेल्या खेळाडूपासून. कुणी काही लावलं नसेल तर 'चेक' म्हणून फुकट पुढे जाता येतं. मग चौथं पान टर्न, पुन्हा बोली. पाचवं रिव्हर, शेवटची बोली. दोन किंवा जास्त उरले तर पानं उघडायची.

पान 'जाळायचं' कारण असं की कॅटमधल्या सगळ्यात वरच्या पानाची पाठ सगळ्यांना दिसत असते. कुणी खूण केली असेल, कोपरा दुमडला असेल, तर ते पान खेळातून जावं. घरच्या खेळात लोक कंटाळा करतात. करू नका. मामालोक फार हुशार असतात.

आणि मध्येच शो मागता येत नाही. साइड शो (शेजाऱ्याशी गुपचूप पानं ताडून बघणं) तर नाहीच. दाखवायची वेळ शेवटी, आणि रिव्हरला ज्याने सगळ्यात शेवटी लावलं किंवा वाढवलं त्याने आधी दाखवायचं. कुणीच लावलं नसेल तर सुपारीच्या डावीकडून.

सांख्यिकी_तात्या

हातांची उतरंड राहिली. आणि तीच तीन पत्तीवाल्यांना फसवते.

खालून वर: नुसतं मोठं पान, एक जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, सिक्वेन्स (स्ट्रेट), कलर (फ्लश, पाचही एका रंगाची), तीन सारखी अधिक जोडी (फुल हाउस), चार सारखी, एका रंगातली सिक्वेन्स. त्यातली दश्शीपासून एक्क्यापर्यंतची ती रॉयल फ्लश.

बघा, तीन पत्तीत ट्रेल (तीन सारखी) म्हणजे स्वर्ग, इथे तीन सारखी मधल्या पायरीवर. आणि तिथे सिक्वेन्स कलरला मारते, इथे कलर सिक्वेन्सला. हे कुणाच्या लहरीवर नाही. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यांत नुसती सिक्वेन्स ७२०, नुसता कलर १,०९६. म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांचे २५,९८,९६० हात. त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. गणित उलटलं. दोन पानं वाढल्याने सिक्वेन्स जुळवणं तुलनेने सोपं झालं.

आता गंमत. तीन पत्तीत ट्रेल सगळ्यात वर, पण ट्रेल आहेत ५२ आणि प्युअर (एका रंगातली) सिक्वेन्स ४८. म्हणजे खरं तर प्युअर सिक्वेन्स ट्रेलच्या वर हवी! आपल्या आज्यापणज्यांनी हिशेब न करता ठरवलं आणि मजेत खेळले. आणखी एक: तीन पत्तीत जोडीचे हात ३,७४४ आणि पाच पानांत फुल हाउसचे हातही बरोबर ३,७४४. मी दोनदा ताडून बघितलं.

एक्का-दुर्री-तिर्री काही घरांत दोन नंबरची सिक्वेन्स धरतात. पोकरमध्ये एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी ही सगळ्यात छोटी सिक्वेन्स. एक्का दोन्ही टोकांना चालतो, पण वळसा घालून नाही. राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री म्हणजे शून्य.

रस्सा_वाढा

तात्या, आमच्याकडे राजा-एक्का-दुर्री चालवायचो हो. तीस वर्षं. आता कुणाकुणाचे चिंचोके परत करू?

मांडवीकाठ

पणजीला मांडवीतल्या जहाजांवर हे टेबल असतं. दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, 'थ्री कार्ड पोकर' अशी पाटी असते ती वेगळी, तिथे तुम्ही कसिनोविरुद्ध खेळता. खऱ्या पोकर टेबलावर खेळाडू एकमेकांशी खेळतात आणि घर (म्हणजे कसिनो) प्रत्येक पॉटमधून, म्हणजे ढिगातून, आपला वाटा काढून घेतं, त्याला रेक म्हणतात. आपण जिंकलो की हरलो याच्याशी घराला देणंघेणं नाही. दोन, २०२० पासून आम्हा गोंयकारांना आत प्रवेशच नाही, त्यामुळे मी हे सांगतोय ते जुन्या पुण्याईवर.

तिथे मी पहिल्याच दिवशी ओरडा खाल्ला. समोरच्याने ४०० लावले. मी ऐटीत चार चिप्स पुढे सरकवल्या, म्हटलं, "तुझे चारशे..." आणि पुन्हा हात मागे नेऊन "...आणि वर माझे सहाशे." डीलर म्हणाला, फक्त चारशे. याला स्ट्रिंग बेट म्हणतात. पहिल्या चिप्स टाकून समोरच्याचा चेहरा बघायचा आणि मग वाढवायचं, ही लबाडी झाली. एकतर आधी तोंडाने 'रेझ, हजार' म्हणा, नाहीतर सगळं एकाच हालचालीत पुढे करा. तोंडातून गेलेला शब्द बंधनकारक.

पुढची_तारीख

कायद्याचं कुणी विचारलं नाही, तरी सांगतो, सवय. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट. रमी कौशल्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटलं, आणि त्याच निकालात तीन पत्तीला नशिबाच्या रांगेत बसवलं. पोकरवर एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालय एका बाजूला, गुजरात दुसऱ्या. ऑनलाइनचा प्रश्न मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून मिटवला: पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद, कौशल्य असो वा नशीब.

चिंचोके आणि भांडी यावर खटला उभा राहील असं वाटत नाही. आजींचा दंडक उत्तम.

पेणकर

म्हणजे मेंढीकोट सगळ्यात निर्धोक. तेच म्हणत होतो.

अर्धा_कटिंग

आता दुसरं प्रकरण. त्याच रात्रीचं. चहात मीठ पडावं तसे मेहुण्यांचे तोंड झाले होते म्हणून सविस्तर लिहितो.

सुपारी मेहुण्यांपुढे. आत्या छोटा ब्लाइंड १, मामा मोठा २. मी पहिला, नव्वी-चौकी, टाकली. वहिनीने ६ केले. चुलतभावाने टाकली. मेहुण्यांनी ६ भरले. आत्याने टाकली, तिचा १ बुडाला. मामांनी आणखी ४ घातले. ढीग १९.

फ्लॉप: बदाम राणी, बदाम अठ्ठी, किलवर तिर्री. मामा चेक. वहिनीने १० लावले. मेहुण्यांनी १० भरले, मामांनी टाकली. ढीग ३९. टर्न: इस्पिक तिर्री. वहिनी २०, मेहुणे २०. ढीग ७९. रिव्हर: बदाम पंजी. वहिनी चेक. मेहुण्यांनी हसत ४० लावले. वहिनी चष्मा पुसते, आणि म्हणते, "शंभर."

मेहुणे बराच वेळ बघत बसले आणि भरले. त्यांच्याकडे बदाम गुलाम-दश्शी, म्हणजे कलर. वहिनीकडे दोन राण्या. राणी-राणी-राणी-तिर्री-तिर्री, फुल हाउस. २७९ चिंचोके आणि वहिनी आयुष्यात पहिल्यांदा पोकर खेळत होती. मेहुणे म्हणतात नशीब. आहे का?

सांख्यिकी_तात्या

फ्लॉपला मेहुण्यांचं भरणं ठीक होतं. ढिगात २९ दिसत असताना १० भरायचे, म्हणजे साधारण चारांत एकदा जुळलं तरी नुकसान नाही. त्यांना न दिसलेली पानं ४७, त्यांतली नऊ बदामं कलर करणारी, आणि बदाम सोडून उरलेल्या तीन नव्व्या सिक्वेन्स करणाऱ्या (अठ्ठी-नव्वी-दश्शी-गुलाम-राणी). ४७ पैकी १२. जवळजवळ चारांत एक.

टर्नला दुसरी तिर्री पडली तिथे खेळ संपला होता. वहिनींचं फुल हाउस तेव्हाच पूर्ण झालं. त्यानंतर कलर येऊन उपयोग नाही, सिक्वेन्स येऊन नाही. कॅटमध्ये मेहुण्यांना वाचवणारं एकच पान होतं, बदाम नव्वी, कारण त्याने एका रंगातली सिक्वेन्स झाली असती. दोघांचे हात आणि टेबल धरून उरलेल्या ४४ पानांतलं एक.

गवती_चहा

आणि रिव्हरला कलर जुळला म्हणून ते खूश! वहिनींनी तिथे चेक केलं ती खरी चाल. त्यांनी स्वतः लावलं असतं तर मेहुणे भरून गप्प बसले असते. चेक केल्याने त्यांना वाटलं वहिनी घाबरल्या. चेक करून नंतर वाढवणं हे नियमात बसतं. जुन्या खेळाडूंना एके काळी असभ्य वाटायचं म्हणतात, आता कुणी बोलत नाही.

मेहुण्यांची चूक एवढीच की टेबलावर जोडी पडली (दोन तिर्ऱ्या) की कुणाकडे तरी फुल हाउस असू शकतं, हे विसरले. जोडी पडली की कलरवाल्याने जरा दबकून राहायचं.

शिवाय ते सुपारीवर होते, म्हणजे फ्लॉपनंतर प्रत्येक वेळी सगळ्यांच्या शेवटी बोलायची सगळ्यात चांगली जागा. सगळ्यांनी काय केलं ते बघून ठरवता येतं. ह्यूस्टनचा माणूस सुपारीवर बसून हरला! तिथून तीनेक तासांवर रॉब्सटाउन नावाचं गाव आहे, २००७ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने ठराव करून त्याला होल्डेमचं जन्मगाव ठरवलं. तिकडे जाऊ नका म्हणावं.

मांडवीकाठ

त्यांना मनीमेकरची गोष्ट सांगा, बरं वाटेल. टेनेसीचा एक हिशेबनीस, २००३ मध्ये ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत गेला आणि ८३९ जणांत पहिला येऊन पंचवीस लाख डॉलर घेऊन आला. आडनाव खरोखर मनीमेकर. तेव्हापासून प्रत्येक हिशेबनिसाला वाटतं आपलंही जमेल.

अर्धा_कटिंग

मेहुणे हिशेबनीसच आहेत.

बरं, अजून एक. मामांकडे ४० चिंचोके उरले होते, सगळे लावले. मला १०० होते, मीही सगळे. वहिनीकडे १५०, तिनेही भरले. मामा जिंकले आणि सगळं ओढायला लागले. आम्ही ओढू दिलं. बरोबर ना?

गवती_चहा

अजिबात नाही! मामांनी ४० घातले, तर त्यांना प्रत्येकाकडून ४० च मिळणार. ४० गुणिले ३, मुख्य ढीग १२०, त्यावर मामांचा हक्क. तुमचे उरलेले ६० आणि वहिनींचे ६०, हा १२० चा बाजूचा ढीग फक्त तुम्हा दोघांचा. तुमच्यात ज्याचा हात भारी त्याचा. वहिनींचे वरचे ५० भरायला कुणी नव्हतंच, ते त्यांना परत.

टेबलावर जेवढं आहे तेवढ्यावरच खेळायचं, हा मूळ नियम. डावाच्या मध्ये खिशातून काढता येत नाही आणि टेबलावरचं खिशात घालता येत नाही. म्हणूनच पुरेसे चिंचोके नसले तरी कुणाला डावातून हाकलता येत नाही.

रस्सा_वाढा

मामांकडून वसुली पथक पाठवा.

पेणकर

नातवाला हा धागा वाचून दाखवला. तो, मी आणि सूनबाई, तिघं खेळलो, उडदाच्या दाण्यांवर. नातू झोपायला गेला आणि दोघंच उरलो तेव्हा ब्लाइंड कुणी लावायचे यावर अडलं. आणि दाणे फुकट असल्याने कुणी पानं टाकतच नाही, प्रत्येक डाव शेवटपर्यंत. मजा नाही.

गवती_चहा

काका! आलात शेवटी.

दोघंच असताना सुपारीवाला छोटा ब्लाइंड लावतो. फ्लॉपच्या आधी तो पहिला बोलतो आणि नंतर प्रत्येक वेळी शेवटी.

आणि टाकत नाही कुणी, हे खरं दुखणं आहे. दाणे संपले की पुन्हा डब्यातून घेता येत असतील तर पोकर होत नाही. प्रत्येकाला शंभर द्या, संपले की बाहेर. वर काहीतरी लावा. अर्धा_कटिंग यांची भांडी उत्तम. आमच्याकडे हरणारा पुढच्या महिन्याची पोहे-शिऱ्याची तयारी करतो. सहा-सात जण असतील तर निम्म्याहून जास्त डाव पानं बघून लगेच टाकायचे असतात, आणि हे तीन पत्तीवाल्याच्या हाताला फार जड जातं. तिथे न बघता चाल देण्यात शान असते. सात-दोन वेगवेगळ्या रंगांचं हे सगळ्यात वाईट पान मानतात, पण 'बघू तरी फ्लॉप' म्हणून त्यात चिंचोके घालणारी माणसं मी बारा वर्षं पोसते आहे.

अर्धा_कटिंग

काल पुन्हा बसलो, मेहुणे उद्या परत जातायत. आत्याने पूर्ण रात्र पानं टाकली. सुपारी कातरत (दुसरी सुपारी, बटणाची नव्हे) नुसती बघत होती. शेवटी एकदाच ८० लावले, मामा आणि मेहुणे दोघांनीही घाबरून टाकली, आणि आत्याने न विचारता पानं दाखवली: सत्ती, दुर्री. वेगवेगळ्या रंगांची. भांडी मेहुण्यांनी घासली.

शेवटची शंका: समसमान वाटणीत एक चिंचोका उरला तर?

गवती_चहा

अर्धा करत नाहीत. वाटणीत असलेल्यांपैकी सुपारीच्या डावीकडे जो पहिला बसला असेल, त्याचा. त्या ४७ च्या डावात सुपारी तुमच्यापुढे होती ना? आत्या कुठे होत्या?

अर्धा_कटिंग

माझ्या डावीकडून चौथी. म्हणजे माझ्या आधीच. :(

रस्सा_वाढा

टॉर्च घेऊन खिडकीखाली जा.

अर्धा_कटिंग

खाली शेजाऱ्यांची कोंबडी असते. आत्याला आठवणीतला चिंचोका चालेल का विचारतो.